कामाच्या जागी एलपीजी सिलिंडर किंवा प्रोपेनची टाकी ठेवायची आहे? पेसोचा परवाना कधी आणि कसा

कागदपत्रांच्या मागे लागण्याआधी वजन मोजा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एका वेळी १०० किलोपर्यंत एलपीजी सिलिंडरमध्ये ठेवायला परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, चालतात. सहावा आला की ११४ होतात. ४७.५ किलोचे दोन बसतात, पण ३५ किलोचे तीन ठेवले की १०५. "तीनच तर आहेत" म्हणणारे इथेच अडकतात.

१०० किलोच्या वर साठा असेल तर पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिच्याकडून साठवणुकीचा परवाना (नमुना 'एफ') घ्यावा लागतो. मुख्यालय नागपूरला असलं तरी अर्ज ऑनलाइन होतो. पाण्याच्या मापाने (म्हणजे आत किती पाणी मावेल त्या हिशेबाने) १००० लिटरच्या पुढची टाकी सिलिंडर धरली जात नाही; तिला स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स (अनफायर्ड) नियम, २०१६ लागू होतात. जनरेटरच्या डिझेलचा हिशेब वेगळा: एका जागी २५०० लिटरपर्यंत परवाना नको, मात्र कुठलंही एक पात्र १००० लिटरपेक्षा मोठं नको.

गॅसच्या टाकीच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी नकाशाला मंजुरी, मग बांधकाम, मग परवाना. टाकी बसवून झाल्यावर नकाशा काढायला घेतला आणि कुंपणापासूनचं अंतर कमी भरलं, तर टाकी उचलण्यावाचून मार्ग उरत नाही. ज्वलनशील गॅसच्या नव्या टाकीसाठी ना-हरकत दाखलाही लागतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडून आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो.

कागदपत्रांत साधारणपणे जागेच्या मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, टाकीचं चाचणी प्रमाणपत्र, सक्षम व्यक्तीने (पेसोची मान्यता असलेल्या तपासनीसाने) दिलेलं सुरक्षा प्रमाणपत्र आणि प्रमाणबद्ध नकाशा येतो. बाकीचे कागद जमतात. वेळ जातो तो नकाशात. टाकी आणि पाइप दाखवून भागत नाही. शेजारची इमारत, हद्द, विजेच्या तारा, गटार, सगळं अंतरासकट दाखवा. गटार कशाला? प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली की तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत खळग्यात, चेंबरमध्ये साचतो आणि हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणूनच साठा तळघरात नको आणि वायुवीजनाच्या झडपा फरशीलगतही हव्यात. छताजवळ एक पंखा लावून समाधान मानणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं.

१०० किलोच्या आत असलात म्हणून सूट फक्त परवान्यापुरती मिळते. एलपीजीचे सिलिंडर उभेच ठेवायचे. ते आडवे पडले तर वाफेऐवजी द्रव गॅस बाहेर येऊ शकतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन त्यांच्यापासून लांब किंवा भिंतीपलीकडे ठेवा.

टाकीवाल्यांनी वर्षातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची आणि पाच वर्षांतून एकदा हायड्रॉलिक (पाणी भरून दाबाची) चाचणी करून दाखले फाइलला लावायचे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच करा. मंजूर नकाशात बदल करायचा असेल, अगदी शेजारी शेड टाकायची असली तरी, आधी पेसोची मंजुरी घ्या.