‘रोजची भाकर’ : हालेपासून केडगावपर्यंत

‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे.’ मराठी ख्रिस्ती घरातल्या पोराला प्रभूच्या प्रार्थनेतली ही ओळ अर्थ कळण्याच्या आधीच पाठ झालेली असते. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ‘भाकर’ हा शब्द इतका चपखल बसला आहे की त्याआधीचा ‘रोजची’ सहज निसटून जातो. खरी गोम मात्र तिथेच आहे. मूळ ग्रीकमधला ‘एपिऊसिओस’ हा शब्द मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांबाहेर सापडणं दुरापास्त. ग्रीक लेखकांमध्ये तो आढळत नाही, हे तिसऱ्या शतकातच ख्रिस्ती पंडित ओरिगेनने नोंदवून ठेवलं होतं. त्याचा अर्थ कोणी ‘आजच्यापुरती’ असा लावतात, कोणी ‘येत्या दिवसाची’. जेरोमने तर लॅटिन भाषांतरात मत्तयमध्ये त्याला एक शब्द दिला आणि लूकमध्ये दुसराच.

कल्पना मात्र त्या शब्दाहून जुनी. बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडतो, तो माणशी एक ओमर (एक जुनं माप) गोळा करायचा. उद्यासाठी झाकून ठेवला तर त्यात किडे पडतात. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, आणि तो मात्र टिकतो. पुरवठा देवाचा, पण पहाटे उठून वेचायचं काम माणसाचं, हे त्या गोष्टीतच आलेलं आहे. ‘यहोवा यिरे’, म्हणजे ‘परमेश्वर पुरवील’, म्हणताना आपण ही वेचणी विसरतो.

या विश्वासावर संस्था चालवण्याचा प्रयोग आधुनिक काळात ठळकपणे दिसतो तो जर्मनीतल्या हाले शहरात. ऑगस्ट हरमान फ्रांके यांनी 1695 मध्ये तिथे गरीब मुलांसाठी काम सुरू केलं आणि त्यातून मोठं अनाथालय उभं राहिलं. 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरलेले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी याच हालेच्या मुशीतले. सव्वाशे वर्षांनी जॉर्ज म्युलर हा प्रशियन विद्यार्थी तिथे शिकला. पुढे इंग्लंडमध्ये त्याने 1830 साली ठरलेला पगार सोडला आणि 1836 मध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर अनाथालय उघडलं. कर्ज काढायचं नाही आणि गरज पडली तर देवाशिवाय कोणाला सांगायची नाही, असा त्याचा नेम. 1870 पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली होती.

म्युलरच्या साक्षीत भरल्या ताटांच्या गोष्टी पुष्कळ, पण मला त्याच्या हिशेबाच्या वह्या जास्त बोलक्या वाटतात. आलेला पैसा तो काटेकोर मांडायचा आणि दरवर्षी अहवाल छापायचा. हे अहवाल म्हणजे न मागता मागणंच, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही. पण प्रार्थना करायची आणि हिशेब गुलदस्त्यात ठेवायचा, ही सवय त्याची नव्हती, एवढं मान्य करायला हवं.

पंडिता रमाबाईंपर्यंत हे सारं पोहोचलं तेव्हा ‘देव देईल’ हे वाक्य त्यांना नवं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडलं. होतं ते दानधर्मात आणि देवकार्यात गेलं. मग दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उपासमारीचे ते दिवस रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. म्हणून त्यांच्या नंतरच्या विश्वासाला भाबडेपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे पुण्यात हललेलं रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, अमेरिकन मित्रमंडळींच्या मदतीवर चाले. त्यांनी कबूल केलेली मुदत होती दहा वर्षांची. ती संपल्यावर काय, या विचाराने रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. याला कोणी अविश्वास म्हणेल. मला ती शुक्रवारची दुप्पट वेचणी वाटते. झाडं हाताशी येण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी मुली गोळा करून आणल्या. प्लेगच्या धामधुमीत इतक्यांना पुण्यात ठेवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्या केडगावच्या रानात आल्या. तेच मुक्ती मिशन.

म्युलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रं वाचून रमाबाईंना प्रश्न पडला होता, की हिंदुस्थानात असा प्रभूवर विसंबून राहणारा एखादा आश्रम का असू नये? 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की उत्तर असं मिळालं : दुसऱ्याने करावं म्हणून वाट का पाहतेस, तूच सुरू कर. पुढे 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. त्या सगळ्यांसाठी केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं सोप्या मराठीतलं बायबलही त्याच छापखान्यातून, त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये बाहेर आलं.

नगरकडची अडचण निराळी होती. तिथे अमेरिकन मिशनचा पगार हाच अनेक घरांचा आधार. त्यामुळे भाकर देव देतो की साहेब, हा प्रश्न नुसता धर्मशास्त्राचा उरला नव्हता. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा गावकुसाबाहेर ऐकू येतच होता. कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोनच वर्षांत, मे 1919 मध्ये ते गेले, आणि दरबार फार वाढला नाही. संन्यास एकट्याने घेता येतो. पाळकाच्या घरचं रेशन मात्र मंडळीलाच भरावं लागतं. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीला लोक जोंधळ्याचं पायलीभर माप, भोपळा, एखादी कोंबडी वेदीपाशी आणून ठेवतात. उपासना संपली की बाहेर त्याचा लिलाव होतो, आणि ज्याने कोंबडी आणलेली असते तोच बहुधा भोपळ्यावर बोली लावतो.