अँजिओप्लास्टी झाली, आता जिना बंद?

कोल्हापुरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी करून तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, की भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो, "मामा, आता रंकाळ्याची फेरी बंद. जिना चढायचा न्हाई, निवांत पडून ऱ्हावा." सल्ला मायेचा, पण कालबाह्य. पूर्वी डॉक्टरही कित्येक आठवडे पलंगावरच ठेवत. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला, तिथून वारं फिरलं.

पडून राहण्याचा तोटा केवढा? १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना प्रयोगासाठी तीन आठवडे झोपवून ठेवलं. त्यांचा दमसास जितका घटला, तितका पुढच्या तीस वर्षांच्या वयानंही घटला नाही!

म्हणून कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हृदयरुग्णाला पुन्हा उभं करण्याचा कार्यक्रम. आधी तपासणी, मग देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम, सोबत औषधं, आहार, तंबाखूमुक्ती आणि मनातली भीती घालवणं. (तांबडा रस्सा कायमचा सुटतो असं नाही, तेल-मिठाचा हात मात्र आवरावा लागतो.) कॉक्रेन ही संस्था अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१६ च्या ६३ चाचण्यांच्या आढाव्यात, रिहॅब केलेल्यांत हृदयविकारानं होणारे मृत्यू १०.४ वरून ७.६ टक्क्यांवर आलेले दिसले. सर्व कारणांच्या एकूण मृत्यूंत मात्र ठळक फरक नव्हता, हेही सांगायला हवं.

याचा अर्थ घरी आल्याबरोबर तालमीत जोर काढणं नव्हे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेगानं चालायचं. चालताना बोलता आलं पाहिजे. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.