निळ्या झाकणाची नळी

पोटरीत गुठळी झालेल्या पेशंटच्या हातात पुष्कळदा पहिल्याच दिवशी एका महागड्या तपासणीची चिठ्ठी पडते: थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याचा कल आहे का हे पाहणाऱ्या टेस्ट. रिपोर्टमध्ये दोन-तीन आकडे कमी निघतात आणि ‘आपल्या खानदानातच दोष आहे’ अशी धास्ती घरात बसते. खरं तर अनेकदा टेस्टची वेळच चुकलेली असते.

प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे रक्त गोठण्याला लागलेले ब्रेक. ताज्या गुठळीत ते खर्ची पडतात. हेपरिन या गुठळीवरच्या इंजेक्शनने अँटिथ्रॉम्बिन उतरतं. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी व्हिटॅमिन के अडवते आणि सी, एस त्याच्याच जोरावर तयार होतात, म्हणून तेही उतरतात. गरोदरपणात प्रोटीन एस आपोआप कमी होतं. म्हणून या टेस्ट उपचाराचे किमान ३ महिने झाल्यावर, आणि डॉक्टरांनी वॉरफरिन थांबवल्यावर २ ते ४ आठवड्यांनी कराव्यात. टेस्टसाठी गोळी स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं. फॅक्टर फाइव्ह लायडन हा गुठळीचा धोका वाढवणारा जनुकातला बदल; त्याची तपासणी जनुकाची असते, ती कधीही चालते. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडलेला हा बदल युरोपियनांत बराच दिसतो, आपल्याकडे कमी.

आता या टेस्टसाठी रक्त घेतात त्या नळीकडे या. निळ्या झाकणाच्या ३ मिलीच्या नळीत ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) आधीच असतं, त्यात २.७ मिली रक्त हवं. म्हणजे नऊला एक. शीर नीट सापडली नाही आणि नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त होतं. लॅबमध्ये रक्त गोठवायला घातलेलं कॅल्शियमही ते धरून ठेवतं आणि रक्त उशिरा गोठतंय असा खोटा आकडा येतो. भरल्यावर नळी ३-४ वेळा हळूच उलटसुलट करायची, खळखळवायची नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उमरेड-काटोलहून धंतोलीच्या लॅबकडे निघालेली नळी अशा वेळी काळजीपोटी कुणी थेट बर्फात ठेवतं. तेही चूकच! उन्हात रक्त गोठवणारी प्रथिनं, फॅक्टर फाइव्ह आणि एट, खराब होतात, तर थंडीने फॅक्टर सेव्हन उगाच जागा होतो. नळी १८ ते २४ अंशांत, उभी ठेवून न्यावी. ४ तासांत पोहोचणार नसेल तर तिथेच प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करून फ्रीझ करावा.

एक रिपोर्ट डॉक्टरांनाही क्षणभर गोंधळात टाकतो. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी टेस्ट) वाढलेला, म्हणजे रक्त उशिरा गोठायला हवं, आणि पेशंटला मात्र गुठळ्या! हा लुपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली एक अँटिबॉडी. नळीत तो गोठणं लांबवतो, शरीरात गुठळ्या घडवतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांमध्ये हा शोधायलाच हवा. एकदा पॉझिटिव्ह आला म्हणून निदान होत नाही; १२ आठवड्यांनी पुन्हा यायला हवा. रिव्हारोक्साबॅन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर तो खोटाच पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेव्हा चिठ्ठीवर गोळीचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहाच.

विदर्भात आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा: सिकलसेल आहे का? त्या आजारात गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असतो आणि प्रोटीन सी, एसही बरेचदा कमी असतात. एचपीएलसी (सिकलसेल ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी) करून घेतली की पुढच्या महागड्या टेस्टपैकी किती लागतात, ते ठरवता येतं.

एकाच पायाला अचानक सूज, किंवा दम लागून छातीत दुखणं, असं झालं तर मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नका. त्याच तासात दवाखाना गाठा.