थिओडोर सेजविक आणि कोंडवाड्याच्या कायद्यातून सुटलेली बेट

अमेरिकेचं प्रतिनिधीगृह, सिनेट, १७९९ ते १८०१ प्रतिनिधीगृहाचं सभापतिपद, मग १८०२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८१३ पर्यंत, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. सेजविक यांची कारकीर्द भरगच्च होती. तरी त्यांचं नाव आज निघतं ते वकिलीच्या दिवसांतल्या एका दाव्यामुळे.

१७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावातल्या एका बड्या जमीनदाराच्या घरी ‘माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र’ असा ठराव लिहिला गेला. मसुदा करणाऱ्यांत तरुण सेजविक होते. घरात काम करणारी बेट नावाची बाई मात्र त्या जमीनदाराची गुलाम. पुढे मालकिणीने तापलेलं फावडं उगारलं आणि दुसरीला वाचवताना ते बेटच्या हातावर बसलं, असं सेजविक कुटुंबात सांगत. तो व्रण ती झाकत नसे. सुटकेचा दावा लावायला तिने वकील म्हणून सेजविकनाच गाठलं. ब्रॉम नावाचा दुसरा गुलामही दाव्यात आला.

दावा होता ‘रिप्लेव्हिन’चा. खरा गुंता इथेच आहे. कोंडवाड्यात अडकवलेली गुरं किंवा बळकावलेली चीजवस्तू सोडवून घ्यायची, तर हा अर्ज करायचा. म्हणून ‘वकिलाने माणसांना वस्तू ठरवून सोडवलं’ असं चटकदारपणे सांगितलं जातं. पण बेकायदा अडकवलेल्या माणसाला सोडवण्यासाठीही याच जातीचा एक जुना इंग्रजी अर्ज होता, आणि इथे तोच अभिप्रेत होता, असं काही अभ्यासक मानतात. मला त्यांचंच पटतं, कारण मालकाचा बचाव पाहा: दावा काढून टाका, हे दोघे माझे ‘जन्माचे नोकर’, म्हणजे आयुष्यभराचे बांधील, आहेत. म्हणजे भांडण वस्तूच्या मालकीचं नव्हतंच, माणसाच्या दर्जाचं होतं.

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्युरीने ठरवलं की अर्ज काढला त्या वेळी हे दोघे कायद्याने त्याचे जन्माचे नोकर नव्हते. भरपाई ३० शिलिंग. निकालाच्या शब्दांत मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेचा उल्लेखही नाही. घटनेतल्या ‘सगळे जन्मतः मुक्त आणि समान’ या कलमावर सगळं उभं राहिलं, ही गोष्ट प्रामुख्याने पुढच्या पिढीच्या सांगण्यातून रुजली. मालकाने अपील केलं आणि मग सोडून दिलं.

सेजविकना मुक्तिदूत करायची घाई मात्र नको. पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवण्याच्या कायद्याचा मसुदा १७९१ मध्ये ज्या समितीने मांडला, तिच्यात ते होते. उलट १८१० मध्ये गुलामांच्या व्यापारातून उपजलेल्या एका करारावर न्यायालयाने वसुली मान्य केली, तेव्हा त्यांनी भिन्नमत नोंदवलं.

निकालानंतर बेट, आता एलिझाबेथ फ्रीमन, पगारावर सेजविक यांच्याच घरी राहिली. १८२९ मध्ये ती वारली आणि स्टॉकब्रिजला त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत पुरली गेली. २०२२ मध्ये शेफील्डला पुतळा उभा राहिला, तो तिचा.