बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची तारीख विचारली की उत्तर येतं, २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी त्यांनी आणि त्यांच्या लहानग्या मुलीनं, मनोरमेनं, बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला, वर्तमानपत्रांनी रकाने भरले, आणि आजही चर्चा बहुधा त्याच दिवसापाशी अडून राहते. बाईंचा स्वतःचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्या म्हणतात, की त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठ वर्षं गेली.

हे समजायला थोडं मागं जावं लागतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान, पण सारं आयुष्य पुण्य जोडण्यात गेलं. तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, उपासतापास, ब्राह्मणांना दानं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबानं अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायला निघाले होते. मजुरी करीन पण असं करू नका, म्हणून मुलानं अडवलं. पुढं थोड्याच काळात आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या.

नंतर कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी मिळाली आणि धर्मशास्त्रांचं वाचन सुरू झालं. ग्रंथांची आपसात शेकडो बाबतींत तोंडं दोन दिशांना. पण स्त्री मुळातच पापी आणि स्त्रीजन्मात तिला मोक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत, असं त्या लिहितात. निदान त्यांनी वाचलं ते तसं वाचलं. शास्त्र पाठ असलेल्या बाईला त्याच शास्त्रात जागा नसावी, हे शल्य त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयात दिसतं.

वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना एकदा लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. तिथं ‘वाईट वाटेला गेलेल्या’ बायकांसाठी आश्रम होता. ज्यांना समाज दारात उभं करत नाही, त्यांना या बाया मायेनं वागवतात, हे बाईंना नवीन होतं. असं का, म्हणून विचारल्यावर एका भगिनीनं बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी ती बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. माझ्या मते पापक्षमा हा शब्द रमाबाईंना इथं कळला, आणि तो व्याख्यानातून नव्हे, आश्रमातल्या वागणुकीतून.

तरी मन निवेना. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताचं देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार यांवर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालला. मग अमेरिका, मग १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन ही विधवांसाठीची शाळा, पुढं ती पुण्याला. काम वाढत होतं, आतली तहान तशीच. अशात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन हाती पडलं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं धर्मोपदेश करत होता, आणि एके दिवशी स्वतःचंच प्रवचन देता देता त्याच्या मनाचा पालट झाला! बाप्तिस्मा होऊनही कोरडं राहता येतं, हे बाईंनी ओळखलं. १८९१ मध्ये त्यांनी वाद थांबवला. तारण, म्हणजे पापातून सुटका, जात, लिंग किंवा स्वतःचं कर्म यांवर अवलंबून नाही, ते फुकट मिळतं, ही गोष्ट त्यांनी धरली. वडिलांच्या आयुष्याशेजारी हे ठेवून पाहिलं की त्यातलं वजन कळतं.

त्याचा पहिला फटका शारदासदनाला बसला. बाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत, मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातंय, ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द देऊन ही संस्था उभी राहिली होती.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-विधवा आणल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. तिथंच एक वेगळं घर होतं, कृपासदन. ते फुलहॅमच्या आश्रमासारखंच, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी.

१९०५ च्या जूनअखेर मुक्तीत मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची सामूहिक जागृती, झालं. मुली रडत, मोठ्यानं आपापली पापं कबूल करत, तासन्‌तास प्रार्थना चाले. बाहेरच्यांना तो गोंधळ वाटला, काही मिशनऱ्यांनाही. बाईंनी तो थांबवला नाही.

शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला उलगडेल अशी सोपी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट. छपाईचे खिळे जुळवणं, छापणं, बांधणी ही सारी कामं आश्रमातल्या बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि पुस्तक बाहेर पडलं १९२४ मध्ये.