गुळवेलीचा वाद आणि साथीतला आहारसल्ला : पार्श्वभूमी

प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गुळवेल या औषधी वेलीने यकृताला इजा होते का, हा वाद कोविडच्या काळातला. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत प्रतिकारशक्तीसाठी काय खावे-प्यावे याची जी यादी घरोघरी पोचली, तिचा मूळ कागद ३१ मार्च २०२० चा. टाळेबंदीला जेमतेम आठवडा झाला होता. देशी उपचारपद्धती पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या त्या पत्रकात दिवसभर कोमट पाणी, स्वयंपाकात हळद, जिरे, धने, लसूण, सकाळी चमचाभर च्यवनप्राश, तुळस-दालचिनी-मिरे-सुंठ-मनुकांचा काढा आणि १५० मिलि गरम दुधात अर्धा चमचा हळद, असे सारे होते. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा च्यवनप्राश, हेही सांगितले होते. हा कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही, असे एक वाक्यही होते. मोबाइलवरून पुढे पुढे जाताना बहुतेक ठिकाणी नेमके हेच वाक्य गळाले.

आहार आणि संसर्ग यांचे नाते विज्ञानाला नवे नाही. १९२०च्या दशकात जीवनसत्त्व ‘अ’ला संसर्गविरोधी म्हटले जात होते, आणि भारतात १९७० पासून लहान मुलांना त्याचे डोस दिले जातात. त्याआधीचा दाखला तर फार कडू आहे. १९१८ साली पावसाने दगा दिला, धान्य महागले आणि त्याच शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची मोठी लाट आली. मुंबई इलाखा देशातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या भागांपैकी होता. उपाशी शरीर संसर्गापुढे टिकत नाही आणि संसर्गाने शरीर आणखी खंगते, हे चक्र त्यानंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले. मात्र या साऱ्या अभ्यासांचा निष्कर्ष एकाच दिशेचा आहे : कमतरता भरून काढली की फायदा होतो. ज्याला कमतरता नाही, त्याने तेच आणखी घेतले तर प्रतिकारशक्ती त्या प्रमाणात वाढते, असे त्यांतून निघत नाही. २०२० मध्ये विकले गेले ते मात्र हे दुसरे.

गुळवेलीचा वाद इथूनच समजून घ्यावा लागतो. मार्चच्या यादीत गुळवेल नव्हती. जानेवारीतल्या आधीच्या पत्रकात संशमनी वटीचे नाव होते, आणि ती गुळवेलीचीच. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुर्वेद आणि योगावर आधारित राष्ट्रीय उपचारसंहिता जाहीर झाली, तेव्हा गुळवेल उघडपणे पुढे आली. संसर्गाचा धोका जास्त असलेल्यांसाठी गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीचीच गोळी, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर, अथवा वैद्य सांगेल तशी. डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने लगेच पुरावा मागितला. तो वाद आठवडाभर गाजला आणि मागे पडला. माझ्या मते त्या संहितेतला सर्वांत मोलाचा शब्द होता ‘महिनाभर’, आणि तोच कोणी वाचला नाही. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, म्हणून सोसायट्यांच्या आवारातल्या वेली तोडल्या गेल्या. बोटभर कांड्या ठेचून, उकळून, गाळून रोज सकाळी घराघरांत वाटीभर पाणी प्यायले जाऊ लागले. जुन्या पद्धतीत वैद्य तापाच्या माणसाला ती काही दिवस देत असे, नाडी आणि जीभ बघून. इथे निरोगी माणसे ती महिनोन् महिने घेत होती, आणि बघणारे कोणी नव्हते.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये ही नोंद यकृतविकारांच्या शास्त्रीय नियतकालिकात आली आणि जुलैमध्ये खात्याने ती फेटाळली. खात्याचे म्हणणे असे, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलेच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते. हा आक्षेप पोकळ नव्हता. गुळवेलीची एक सख्खी बहीण आहे, तिच्या खोडावर गाठी-फोड जास्त असतात, आणि ती यकृताला बाधू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये खात्याने दोन्ही वेलींतला फरक सांगणारे पत्रकही काढले. पण मग प्रश्न उरतो : वनस्पती ओळखण्यात चूक होऊ शकते हे माहीत असताना, ती घराच्या कुंपणावरून तोडून पिणाऱ्यांना आधी सावध का केले नाही?

२०२२ मध्येच देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या यकृताचा दाह असा होता, जणू शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटली आहे. गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते हा दावा खरा मानला, तर ज्यांच्यात अशा आजाराची प्रवृत्ती दडलेली आहे त्यांना ती चालनाच महागात पडू शकते. वेलीच्या बाजूचे लोक आणि विरोधातले लोक या एका मुद्द्यावर एकमेकांना समजून घेऊ शकले असते. तसे झाले नाही. एका बाजूला प्रश्न परंपरेच्या मानाचा झाला, दुसऱ्या बाजूला विज्ञानाच्या. रोज सकाळी ती प्यावी का, हे विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळालेच नाही. थायरॉइड, संधिवात किंवा यकृताचा जुना त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढे तरी दोन्हीकडून एकमताने सांगता आले असते.

आधुनिक औषधांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. जीवनसत्त्व ‘क’ आणि झिंकच्या गोळ्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर लिहिल्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या २१४ रुग्णांवरच्या चाचणीत मोठ्या मात्रेनेही लक्षणे लक्षणीयरीत्या लवकर कमी झाली नाहीत, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. चिठ्ठ्या त्यानंतरही तशाच राहिल्या.

कमतरता भरून काढण्याचे काम याच काळात दुसरीकडे चालू होते, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत आणि त्याबरोबर कुटुंबाला एक किलो डाळ किंवा हरभरा मिळू लागला. शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये मोफत : दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, एक मूद भात. माझ्या दृष्टीने साथीतला खरा आहारसल्ला हा होता, कारण तो ताटात वाढलेला होता. पण शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्याने मुलांचे गरम जेवण थांबले आणि त्याजागी कोरडा शिधा घरी गेला. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जाणार हे उघड होते. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, मोफत धान्य पुन्हा सुरू झाले तेव्हा डाळ त्यातून वगळलेली होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करण्यात आला, आणि अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असे सांगण्यात आले.