सीएसएमटीसमोरच्या पालिकेची गोष्ट

सीएसएमटीला उतरून बाहेर आलं की समोर जी उंच टॉवरवाली दगडी बिल्डिंग दिसते, म्हणजे मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय, तिचा फोटो सगळेच काढतात, पण ती तिथे कशी आली हे फार जणांना माहीत नसतं आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात १८६५ ची. तेव्हा शहराच्या कारभारासाठी नवीन कायदा झाला आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, सगळे अधिकार त्यांच्याच हातात. कामं दणक्यात झाली पण खर्चही तसाच झाला आणि १८७१ मध्ये करदाते भडकले, आमचा पैसा आहे तर आमची माणसं आत पाहिजेत. त्यातून १८७२ चा कायदा आला, ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. मत मात्र वर्षाला ५० रुपये कर भरणाऱ्यालाच, म्हणजे गिरणीतल्या कामगाराला काही नाही. तरी तिथून दार उघडलं.

ऑफिस आधी गिरगाव रोडला एका साध्या इमारतीत होतं, मग १८७० ला फोर्ट भागातल्या एस्प्लनेडवर वॉटसन हॉटेलच्या शेजारी गेलं. स्वतःच्या इमारतीची पायाभरणी ९ डिसेंबर १८८४ ला व्हाईसरॉय लॉर्ड रिपन यांनी केली. हेच ते रिपन ज्यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांचा ठराव आणला, म्हणून पायाचा दगड त्यांच्या हातून बसला हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

डिझाईन दोन होती, दोन्ही इंग्रज वास्तुविशारदांची: चिझम यांचं इंडो-सारासेनिक (भारतीय-इस्लामी वळणाचं) आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं गॉथिक (टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतलं). पास झालं स्टीव्हन्स यांचं, ज्यांनी समोरचं व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, बांधलं तेच हे. जागा दोन रस्त्यांच्या बेचक्यात, म्हणून इमारत इंग्रजी व्ही सारखी पसरलीय आणि टोकाला २५५ फुटांचा टॉवर. दर्शनी भागावर पंखवाली एक मूर्ती आहे, ती म्हणजे 'भारतातलं पहिलं शहर' असलेली मुंबई.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. पायाभरणी १८८४ ची असली तरी प्रत्यक्ष बांधकाम २५ एप्रिल १८८९ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १८९३ ला संपलं. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये, प्रत्यक्ष झाला ११,१९,९६९. म्हणजे अडुसष्ट हजार वाचले! कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी काळेवार, तेलुगू समाजातले, आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या मुंबईतल्या कामाशी जोडलेले. स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात, काळेवारांचं कोणी घेत नाही, आणि दगड रचणारे हजारो हात तर कुठेच लिहिलेले नाहीत.

बाहेर पुतळा आहे तो फिरोजशहा मेहतांचा. १८८८ चा म्युनिसिपल कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि दुरुस्त्या होत होत तोच कायदा आजही चालू आहे. सभागृहाच्या प्रमुखाला आधी प्रेसिडेंट म्हणायचे, 'महापौर' हे पद १९३१ पासून. काका बॅप्टिस्टा, टिळकांचे सहकारी, तेही १९२५ मध्ये प्रेसिडेंट म्हणून त्या खुर्चीवर बसलेत.

२००० साली सभागृहाला आग लागली, मोठं नुकसान झालं, मग सगळं परत दुरुस्त करून उभं केलं.

आज इथे आयुक्त बसतात, महापौर बसतात, स्थायी समिती भरते, फेब्रुवारीत बजेट येतं, २०२५-२६ चं ७४,४२७ कोटींचं होतं. जन्ममृत्यूच्या दाखल्यासाठी मात्र इथे यायची गरज नाही, ते आपापल्या वॉर्ड ऑफिसला. पावसाळ्यात आपण १९१६ ला फोन लावतो तो पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर, कुठे पाणी तुंबलं, भरती किती वाजता, हे सगळं तिथे येतं. जानेवारी २०२१ पासून शनिवार-रविवारी हेरिटेज वॉकही सुरू झाला, म्हणजे ज्याचं आत काहीच काम नाही अशा माणसालाही आत जाता यायला लागलं.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, २२७ खुर्च्या रिकाम्या. ज्या सभागृहासाठी १८७१ मध्ये लोक भांडले तिथे शांतता, हे बघवत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं.